पन्हं पाहुण्यांना, मग आपल्याला का नाही?

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आपण आग्रहाने पन्हं पाजतो. कांदा काढायला निघालेल्या बाईच्या पिशवीत मात्र पाण्याची एकच बाटली, आणि तीही संध्याकाळी अर्धी परत येते. रानात आडोसा नाही, म्हणून बाई पाणीच पीत नाही. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. आमच्या गटातल्या बायकांनी बांधाला चार काठ्या रोवून जुनी साडी गुंडाळली, तेव्हा कुठे बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या.

आता पन्हं. घामाबरोबर मीठही जातं, त्यामुळे नुसतं गोड करू नका. दोन कैऱ्या उकडून गर काढा, त्यात दीडपट गूळ, वेलची आणि मीठ घाला. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. पितळेत आंबट कळकतं. निघताना दोन-तीन चमचे गर ग्लासभर माठाच्या पाण्यात कालवला की झालं. गाडीवरचा बर्फ नकोच, तो कुठल्या पाण्याचा कोण जाणे.

साखरेचा आजार असेल तर जिरं घातलेलं पातळ ताक बरं. बीपी असेल तर मीठ बेताचंच.

आणि कुणी उन्हात असंबद्ध बोलायला लागली किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पन्हं काय, पाणीसुद्धा ओतू नका, ठसका लागतो. सावलीत निजवा, ओल्या कापडाने अंग पुसत राहा, वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा.