सीडी लागत नाही तेव्हा

आमच्या गटाच्या कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह मध्यंतरी अडून बसला. सीडी घातली की घरघर व्हायची आणि पडद्यावर यायचं, 'डिस्क घाला'. अगं, घातलीय ना!

आता तुम्ही म्हणाल, हल्ली सीडी लावतंय कोण? पण गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही सीडीवर भरून ठेवल्यात. त्यातल्या दोघी आज नाहीत. त्यांचा आवाज तेवढ्या चकतीवरच उरलाय. दुकानदार म्हणाला, नवा ड्राइव्ह घ्या. आम्ही म्हटलं, आधी दुखणं कुठं आहे ते तर बघू.

पहिल्यांदा दुसरी सीडी घालून बघायची. ती लागली, तर खोट सीडीत. एकही लागली नाही, तर ड्राइव्हमध्ये.

सीडी मळली असेल तर मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ पुसा. गोल गोल नको. आतली माहिती गोल रेघेतच भरलेली असते, त्यामुळं गोल चरा पडला की सलग बरीचशी जाते. आणखी एक. आपण चकचकीत बाजू जपतो नि नावाची बाजू कशीही ठेवतो. खरं तर सीडीतली माहिती नावाच्या बाजूला, अगदी पातळ थराखाली असते. तिथं बॉलपेननं दाबून नाव लिहू नका.

आमची तर एकही सीडी लागेना, म्हणजे दोष ड्राइव्हचा. पडद्यावर ड्राइव्हचं चिन्हच दिसत नसेल, तर कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, मागच्या दोन वायरी नीट बसल्यात का ते बघतात. आमचं चिन्ह दिसत होतं, चकती फिरत होती. म्हणजे आतल्या भिंगावर धूळ. आमची खोली पिठाच्या गिरणीला लागून, दुसरं काय होणार! बारीक ब्रश लावलेली, भिंग साफ करायची सीडी मिळते. ती दोनदा फिरवली आणि ओव्या वाजल्या.

ट्रे आतच अडकला तर ओढाताण नको. कॉम्प्युटर बंद करा आणि ट्रेखालच्या बारीक भोकात सरळ केलेली कागदाची पिन हळू दाबा. ट्रे थोडा बाहेर येतो, मग हातानं ओढा.

ड्राइव्ह चालू झाला की त्याच दिवशी सगळं पेनड्राइव्हवर घ्या. एका सीडीत ७०० एमबी मावतं, १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर वीसेक सीडी बसतात. मात्र टेपसारखी वाजणारी ऑडिओ सीडी नुसती कॉपी-पेस्ट केली, तर एकेक केबीच्या पोकळ फायली येतात, आवाज येत नाही. त्यासाठी विंडोज मीडिया प्लेअरमध्ये 'रिप' करावं लागतं. झाल्यावर पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून एक ओवी शेवटपर्यंत ऐका, आणि मगच सीडी कपाटात ठेवा.