हरवलेल्याची गणती
(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागील वर्षांचा हिशेब सांगण्याची रीत आहे. इतके स्नानसंस्कार झाले, इतके विवाह लागले, इतकीं घरें वाढलीं, हें ऐकून मन प्रसन्न होतें, व त्यांत वावगें कांहीं नाहीं. तथापि आज मी निराळा विषय घेणार आहें. आपण ज्या खेड्यांत राहतों त्यांची स्थिति आंकड्यांवरून कशी ओळखावी, आणि आंकडे आपणांस कोठें फसवितात, हें पाहूं.

२६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या खानेसुमारींत चंद्रपुरांत २२,०४,३०७ आणि गडचिरोलींत १०,७२,९४२ माणसें भरलीं. दर चौरस किलोमीटरास चंद्रपुरांत १९३, तर गडचिरोलींत अवघीं ७४ माणसें. एवढ्यावरून एक गोष्ट उघड होते कीं, जेथें वस्ती इतकी विरळ, तेथें केवळ डोकीं मोजून दवाखाना व शाळा दिल्यास त्या पुष्कळांना दूरच पडावयाच्या. आंकड्याचा उपयोग तो हा.

पण उत्पन्नाचा आंकडा पाहा. चंद्रपूर जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी, मोठें वीजकेंद्र, सिमेंटचे कारखाने आणि बल्लारपूरची कागदाची गिरणी आहे. त्या सर्वांचें उत्पन्न जिल्ह्याच्या नांवावर चढतें व माणशीं भागलें जातें. जिवतीच्या डोंगरावरील शेतमजुराच्या वांट्यासहि कागदावर त्याचा अंश येतो. त्याच्या चुलीपर्यंत तो पोंचत नाहीं.

आमच्या भागांतील एखाद्या माउलीचें वर्ष घ्या. फाल्गुन-चैत्रांत पहांटे मोहफुलें वेंचावीं, मे महिन्यांत तेंदूचीं पानें खुडून सत्तर-सत्तरांचीं पुडकीं बांधावीं, पाऊस लागला कीं धानाची रोवणी, दिवाळीनंतर कापणी. घर तिच्या हातांवर चालतें. परंतु खानेसुमारींत वर्षांतून सहा महिने काम भरलें तरच माणूस मुख्य कामकरी, नाहीं तर सीमांतिक. अशा पुष्कळजणी त्या दुसऱ्या रकान्यांत जाऊन पडतात.

आणखी एक गोष्ट. थंडी सरूं लागली म्हणजे आपल्याकडील कितीएक कुटुंबें मिरची तोडण्यास तेलंगणांत जातात. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली, म्हणजे नेमकी त्यांच्या दाराला कुलूप असतांना. २०२१ ची खानेसुमारी महामारीमुळें राहिली. पुढील मोजणी १ मार्च २०२७ हा दिवस धरून करण्याचें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. तो दिवसहि मिरचीच्याच हंगामांतला आहे, हें ध्यानांत असूं द्यावें.

आतां माझा स्वतःचा दोष सांगतों. तरुणपणीं रानांतील एका केंद्रावर असतांना वार्षिक अहवाल मी टेबलापाशीं बसून भरीत असें. मागील वर्षाचा आंकडा घ्यावा, नवे स्नानसंस्कार मिळवावे, दफनविधि वजा करावे, कीं काम झालें. एका उपवासकाळांत घरांस आशीर्वाद देत फिरतांना एक आई भेटली. तिचें बाळ आठव्या दिवशीं गेलें होतें. स्नानसंस्कार झाला नव्हता, म्हणून आमच्या वहींत त्याचा जन्म नव्हता. माती घरच्यांनींच दिली होती, म्हणून मृत्यूहि नव्हता. सरकारदरबारीं कोणी गेलें नव्हतें. तिनें विचारलें, “फादर, माझं लेकरू तुमच्या वहीत आहे का?” माझा अहवाल तेव्हां पाठवून झाला होता, आणि त्यांतील बेरीज बिनचूक होती.

तें बाळ एकटें नव्हतें. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गडचिरोलींत जन्ममृत्यूंची घरोघर स्वतंत्र नोंद ठेवली. तिच्या ३९ गांवांत १९९३ ते १९९५ या काळांत दर हजार जन्मांमागें ६२ बालकें पहिल्याच महिन्यांत दगावत होतीं. मग गांवांतल्याच स्त्रियांना शिकवून बाळंतिणींच्या घरीं पाठविलें. १९९७-९८ पर्यंत ती संख्या २५ वर आली. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत हा वृत्तांत छापून आला, आणि २०११ पासून सरकारनें आशा कार्यकर्त्यांकडून ही गृहभेटींची पद्धत देशभर सुरू केली. मोजणी अगोदर झाली, उपचार मागून आला. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालानेंहि हेंच दाखविलें कीं, महाराष्ट्रांत बालमृत्यु सरकारी नोंदींत खऱ्याहून फार कमी दिसत होते. जें लिहिलेंच नाहीं, त्यासाठीं औषध कोण पाठविणार?

बंधुभगिनींनो, हें काम ख्रिस्तसभेला परकें नाहीं. १६१४ च्या रोमन विधिग्रंथांत धर्मगुरूनें आत्म्यांच्या स्थितीची वही घरोघरच्या माणसांसह कशी लिहावी, याचा नमुना दिलेला आहे. ती वही आपण पुन्हां उघडूं या. प्रत्येक वस्तींतून एक तरुण व एक तरुणी यांनीं दर तीन महिन्यांनीं घरोघर जावें. आपलें घर व परक्याचें घर असा भेद करूं नये. कोण जन्मलें, कोण गेलें, कोण कोठें कामाला गेलें, कोणत्या महिन्यांत घरांतलें धान संपलें, एवढेंच घरच्यांच्या संमतीनें लिहावें. नांवें वहींतच राहावींत. बेरीज मात्र ग्रामसभेपुढें ठेवावी.

दावीद राजानें लोक मोजले ते सैन्याचें बळ पाहण्यासाठीं. कैसर औगुस्तानें मोजले ते आपल्या राज्यासाठीं. त्या मोजणीच्या प्रवासांत, घरापासून दूर, आपला प्रभु जन्मास आला. दाखल्यांतील मेंढपाळानेंहि मोजलें. तो मोजण्यास बसला नसता, तर ९९ मेंढरें पाहून कळप पुरा आहे असें समजून तो सुखानें निजला असता.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.