वाचनकक्षाच्या कपाटात काय असावे?

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या ट्रस्टने वाचनकक्ष सुरू करण्याचे योजिले आहे, हे आपण जाणताच. जागा ठरली, कपाटे आली; पुस्तकांवर मात्र एकमत होईना. काहींचे म्हणणे असे की, धर्मग्रंथ आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके एवढेच ठेवावे. कादंबऱ्या आणि क्रिकेटची पुस्तके दानाच्या पैशांतून कशासाठी? ही शंका मी क्षुल्लक मानीत नाही. दानाच्या पै-पैचा हिशेब द्यावा लागतो. म्हणूनच विश्वस्तांनी या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी ती मान्य केली. मी साहित्यिक नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि पुढे सारा जन्म कापडाच्या गादीवर गेला. तेव्हा मी माझ्याच एका व्यवसायबंधूची साक्ष काढतो. तो चारशे वर्षांपूर्वीचा आहे, एवढेच.

त्याचे नाव बनारसीदास. जन्म इ. स. १५८६, जौनपूर, श्रीमाळ जैन कुळात. आपल्यापैकी अनेकांनी 'समयसार नाटक' या ग्रंथाचे कर्ते म्हणून हे नाव प्रवचनांतून ऐकले असेल. परंतु वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये आग्र्यास, त्यांनी आणखी एक पुस्तक पद्यात लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले तर पंचावन्न म्हणजे अर्धे. म्हणून नाव ठेवले 'अर्धकथानक'. भारतीय भाषांतील पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. हे हस्तलिखित १९४३ मध्ये नाथूराम प्रेमी यांनी संपादून आपल्या मुंबईतच, हिराबागेतील प्रकाशन संस्थेतून प्रसिद्ध केले. त्या हिराबागेच्या धर्मशाळेत आपल्यातील कित्येकांचे वडील-आजोबा उतरले असतील. एवढ्या जवळ छापलेले हे पुस्तक आपल्या किती घरांत आहे?

त्यात काय आहे, ते थोडे विस्ताराने सांगतो. बनारसीदास व्यापारात वारंवार बुडाले. नेफ्यात बांधलेली रत्ने सांडली, घेतलेला माल पडून राहिला, भांडवल आटले. पुढे पत्नीने साठवलेले वीस रुपये त्यांच्या हाती ठेवले आणि सासूबाईंनी दोनशे दिले. त्या पैशांचे कापड आणि मोती घेऊन ते आग्र्यास आले, तर कापडाचा बाजार मंद. मोत्यांनी काय सावरले तेवढेच. हा भाग वाचताना मला चारशे वर्षांचे अंतर जाणवत नाही. कोणता माल किती दिवस पडून राहिला, हे आपली खतावणीसुद्धा सांगते. पण त्या दिवसांत व्यापाऱ्याला रात्री झोप आली की नाही, हे खतावणीत कोठे लिहिलेले असते?

अकबर बादशहा १६०५ मध्ये मरण पावला. पाठ्यपुस्तकात हे एक ओळीचे वाक्य आहे. बनारसीदास सांगतात की, जौनपुरात ही बातमी आली तेव्हा दुकाने पटापट बंद झाली, लोकांनी दागिने जमिनीत पुरले, आणि श्रीमंतांनी भारी वस्त्रे लपवून जाडेभरडे कपडे अंगावर चढविले. नवा बादशहा तख्तावर बसल्याचे पत्र आले, तेव्हा कोठे शहर पूर्ववत झाले. राजसत्ता बदलली की बाजाराच्या पोटात कसा गोळा येतो, हे दरबारच्या इतिहासकाराने लिहिले नसते. ते व्यापाऱ्यानेच लिहावे. आत्मचरित्रे वाचनकक्षात का असावीत, याचे माझे उत्तर हे आहे.

आता कादंबरीचा मुद्दा. विरोधी पक्षाची बाजू मीच आधी मांडतो, कारण तिचा सर्वांत मोठा पुरावा याच पुस्तकात आहे. बनारसीदासांनी तरुणपणी शृंगारावर एक काव्यग्रंथ रचला होता. पुढे मनात उपरती झाली आणि आपण असत्य लिहिले या भावनेने त्यांनी ती पोथी मित्रांसमक्ष गोमती नदीत टाकली. मग आपण कल्पित कथा का वाचाव्यात, असे कोणी विचारील.

पण पुस्तक तेथे मिटू नये. पुढची पाने उलटावीत. काही वर्षांनी हेच बनारसीदास आग्र्यात कफल्लक झाले. एका कचोरीवाल्याने त्यांना महिनोन्‌महिने उधारीवर खाऊ घातले. आणि त्या पडत्या काळात संध्याकाळी ते आपल्या बिऱ्हाडी काय करीत? दहा-पाच श्रोते जमवून 'मधुमालती' आणि 'मृगावती' मोठ्याने वाचून दाखवीत. ही दोन्ही सूफी कवींची प्रेमाख्याने. त्या काळच्या कादंबऱ्याच म्हणा ना. वाचणारा जैन व्यापारी, ग्रंथकर्ते मुसलमान, आणि श्रोत्यांत तो कचोरीवालाही. हे गोमतीच्या प्रसंगानंतरचे आहे, हे ध्यानात घ्यावे. यावरून मी एवढेच काढतो की, स्वतःला असत्य वाटलेले स्वतःचे लेखन त्यांनी बुडविले, पण दुसऱ्यांच्या कथा वाचणे सोडले नाही. आणि पुढे 'समयसार नाटक' लिहिणाराही हाच माणूस.

मराठीत याच जातीचा आनंद देणारी एक कादंबरी सुचवितो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची. एक तरुण मास्तर माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो. हळूहळू तो त्यांच्यातला होतो, वस्तीवर तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ पडून वस्तीच उठते. पुस्तक लहान आहे. कळव्यात राहून आपण गावाकडच्या गिऱ्हाइकाविषयी जितके बोलतो, त्याच्या दशांशही त्याला ओळखत नाही, असे हे पुस्तक वाचून मला वाटले.

इतिहासासाठी तर लांब जायचे कारण नाही. आपल्या पुढच्या कल्याणचे चिंतामण विनायक वैद्य हे मोठे इतिहासकार. त्यांच्या आग्रहावरून पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी आपली हकीकत लिहून दिली. ती 'माझा प्रवास' या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. घरचे कर्ज फेडायचे म्हणून हा गरीब भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडाच्या आगीत सापडला. झाशीचा वेढा त्याने शहराच्या आतून पाहिला. मिळविलेले लुटले गेले. तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन तो घरी परतला. सेनापतींच्या चरित्रांतून सत्तावन सालाची लढाई कळते. ते साल सामान्य माणसाच्या अंगावर कसे कोसळले, ते गोडसे भटजी सांगतात.

एक पुस्तक दुसऱ्याकडे कसे नेते, पाहा. गोडसे भटजींमुळे मी सत्तावन सालाविषयी विचारू लागलो, तेव्हा ग्रंथालयातील एका ज्येष्ठ वाचकाने माझ्या हाती लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. तिचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. सत्तावनच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि पुढे वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागले की बाजारातून आणलेले जिन्नस धुतल्याखेरीज घरात घ्यायचे नाहीत. आपल्या भगिनींनी हे प्रकरण अवश्य वाचावे. कोणाला हसू येईल, कोणाला आपल्याच घरातील कोणी आठवेल. शाळेचे फारसे शिक्षण न झालेल्या बाईने असे मराठी लिहिले आहे की पदवीधरांनी लाजावे. पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हाची त्यांची तगमग वाचताना धर्मभेद आड येत नाही.

आता क्रिकेट. आपल्या मुलांना धावफलक तोंडपाठ असतात, पण पळवणकर बाळू हे नाव किती जणांना ठाऊक आहे? चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या इंग्रजांच्या जिमखान्यात खेळपट्टीची देखभाल करणारा नोकर होता. १९११ मध्ये भारताचा पहिला सर्वसमावेशक संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्याने त्या दौऱ्यात ११४ बळी मिळविले. मैदानावर संघाला जिंकून देणाऱ्या या माणसाला चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचा कर्णधार झाला. ते होईपर्यंत किती वर्षे झगडावे लागले! विठ्ठलने आपली हकीकत मराठीत लिहून ठेवली, आणि तिच्या आधाराने रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या भावंडांची कथा जगापुढे आणली. खेळाचे पुस्तक म्हणून उघडावे आणि अस्पृश्यतेचा इतिहास वाचून मिटावे, असा तो ग्रंथ आहे. समतेवर मुलांना दहा व्याख्याने देण्यापेक्षा एका क्रिकेटवेड्या मुलाच्या हाती हे पुस्तक दिलेले मला अधिक उपयोगी वाटते.

आपल्यातील कोणाच्या घरी गुजराती, कोणाच्या घरी मारवाडी, कोणाच्या घरी कच्छी बोलली जाते. बाजाराची भाषा मात्र पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे, आणि तिचा केवढा ठेवा खाडीपलीकडेच आहे! ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांत वि. ल. भावे होते, ज्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहून जुने, १८६४ चे. मुंबईची पहिली आगगाडी ठाण्यास येऊन तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. अशा शेजारात राहून आपल्या वाचनकक्षात केवळ परीक्षेच्या मार्गदर्शिका असाव्यात, हे मला पटत नाही. परीक्षा झाली की त्या रद्दीत जातात. त्यांची गरज आहे, त्या घ्याव्यातच. धर्मग्रंथांविषयी तर दुमत नाही.

माझी विश्वस्तांना विनंती अशी. पहिल्या खरेदीतील निम्मी रक्कम धर्मग्रंथ व परीक्षांसाठी राखावी, निम्मी आत्मचरित्रे, इतिहास, कादंबऱ्या आणि खेळ यांसाठी. कपाटांना कुलूप नसावे. गिऱ्हाइकाला ताका उलगडून दाखविला नाही तर ते विकत घेत नाही. वाचकालाही पुस्तक हाताळता आले पाहिजे. ग्रंथपाल निवडून देईल तेच घ्यायचे म्हटले, तर मुलगा मागायला आला त्याच्या शेजारचे पुस्तक त्याला कधीच दिसणार नाही. टेबलावर एक वही असावी, आणि पुढे कोणते पुस्तक घ्यावे हे त्यात वाचकांनीच लिहावे. कक्ष रात्री दहापर्यंत उघडा राहावा, कारण आपली दुकाने नवाच्या आत बंद होत नाहीत.

त्या वहीतील पहिली नोंद म्हणून 'अर्धकथानक', अर्थासह, हे नाव मी आजच विश्वस्तांकडे लिहून दिले आहे. ती प्रत माझ्या खर्चाने येईल.