चार पावलांच्या पुढे

 

श्रावणात मंगळागौर आली की आपण झिम्मा, फुगडी, लेझीम बसवतो. कुणी लावणीची चार पावलं शिकते, कुणी कथकची. कार्यक्रम छान होतो, आणि मग घुंगरं खुंटीला लागतात. पुढच्या वर्षी पुन्हा तीच चार पावलं. काही गट आता मंगळागौरीच्या सुपाऱ्या घेतात. बोलावणारे दुसऱ्या वर्षी विचारतात, "नवीन काय?" म्हणून आज बोलायचंय ते पहिल्या धड्यानंतरच्या शिक्षणाबद्दल.

पायांनी ताल वाजवणं जगभर आहे. अमेरिकेत टॅप नावाचा नाच आहे. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला धातूची पट्टी लावतात आणि लाकडी फळीवर ताल धरतात. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांचा नाच आणि आयर्लंडहून आलेल्यांचा नाच, यांच्या मिलाफातून तो घडला. कोलकात्याचे कथक गुरू पंडित चित्रेश दास आणि टॅप नाचणारे तरुण कलावंत जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी एका रंगमंचावर सवाल-जवाब केले. एकाच्या पायात बूट, दुसऱ्याचे पाय अनवाणी आणि घुंगरं बांधलेले. दासजींनी तेव्हा साठी ओलांडली होती. "या वयात कुठं?" असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

आता कामाचं. पुढं जायला तीन गोष्टी लागतात.

पहिली, स्वच्छ आवाज. कथकचा तत्कार घ्या: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पाय असे: उजवा, डावा, उजवा, डावा, मग डावा, उजवा, डावा, उजवा. मधे डावा पाय लागोपाठ दोनदा येतो, आणि पुन्हा सुरू करताना उजवा दोनदा. अडखळायला होतं ते तिथंच. घुंगरं काढून ठेवा आणि नुसत्या तळव्याचा आवाज ऐका. आठही ठोके सारखे वाजले पाहिजेत. घुंगरांच्या आवाजात चूक झाकली जाते, उघड्या पायात नाही.

दुसरी, लय. एका टाळीला एक ठोका, मग एका टाळीला दोन, मग चार. यालाच बरोबरीची, दुगुन आणि चौगुन म्हणतात. पायाचा वेग वाढला की टाळीही पळायला लागते. म्हणून टाळी दुसरीच्या हातात द्या. गटात शिकण्याचा फायदा हाच. चौगुनीत ठोका पुसट झाला तर दुगुनीवर परत या. वेग हा स्वच्छतेच्या मागून येतो.

तिसरी, तिहाई. एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ठोका समेवर आणायचा. सोळा मात्रा मोजा. पहिल्या मात्रेपासून पाच ठोके, एक मात्रा थांबा, पुन्हा पाच ठोके, एक थांबा, पुन्हा पाच. झाले सतरा. सतरावी म्हणजे पुढच्या फेरीची पहिली, तीच सम. आधी टाळ्यांनी करा, मग पायांनी. एकदा हे जमलं की सात ठोक्यांचा किंवा तीन ठोक्यांचा तुकडा कसा बसवायचा, हे तुम्ही स्वतः मोजून काढाल. दुसऱ्याची पावलं उचलणं संपतं आणि आपली रचना सुरू होते.

पायाची काळजी घ्या. आपल्यातल्या कितीतरी जणी दिवसभर हारफुलांच्या, प्रसादाच्या दुकानात उभ्या असतात. घरी आल्यावर लगेच नाचू नका. थोडं बसा, घोटे फिरवा, पोटऱ्या ताणा. सिमेंटवर किंवा फरशीवर जोरात पाय आपटू नका. सारवलेली जमीन किंवा जाड लाकडी फळी बरी. गुडघा किंचित सैल ठेवा. गुडघ्यात कळ आली तर त्या दिवशी थांबा, दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज.

"पायात चाळ बांधायची?" हा टोमणा अजून ऐकू येतो. पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली, तेव्हाही घरंदाज मुलींनी नाचणं लोकांना रुचत नव्हतं. शाळा काढल्यावरही रोहिणीताई लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकत राहिल्या. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी लावणी जपली. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. आपल्या संगमनेरच्या कांताबाई सातारकरांनी तमाशाचा फड चालवून कितीतरी घरं जगवली. चाळ बांधून या बायांनी कला सांभाळली आणि माणसंही. आपण त्यांच्याच पावलांवर नाचतो, तेव्हा त्यांची नावं मान खाली घालून घ्यायची नाहीत.

तर या आठवड्याचं काम: गटात दोघी-दोघींची जोडी करा. एक टाळी धरेल, दुसरी तत्कार करेल. मग अदलाबदल. आठवडाभर फक्त बरोबरीची आणि दुगुन. समेवर नेमकं येणं जमलं की तिहाई घ्या. आणि घुंगरं खुंटीवरून काढून पुसून ठेवा, लागणार आहेत.