हळदीचा डाग

(साक्षरता वर्गाच्या सभेत एका शिक्षिकेने केलेले भाषण)



आज येताना मी पिशवीतून तीन वस्तू आणल्या आहेत. ही चिमूटभर हळद. हा साबणाचा तुकडा. आणि हे अर्धे लिंबू. तुम्ही म्हणाल, बाई भाषणाला आल्या की स्वयंपाकाला?

जरा पाहा. या पांढऱ्या फडक्याला मी ओली हळद लावते. डाग पिवळा पडला. आता त्यावर साबण चोळते. काय झाले? डाग लाल झाला. यात नवल नाही. कालवण सांडलेला सदरा धुताना तुम्ही हे शंभरदा पाहिले आहे. आता त्यावरच लिंबू पिळते. बघा, पुन्हा पिवळा!

असे का होते? साबण, चुना, धुण्याचा सोडा, ही सगळी एका कुळीतली. शास्त्रात त्यांना आम्लारी म्हणतात. त्यांच्याशी गाठ पडली की हळदीचा रंग लाल होतो. लिंबू, चिंच, आंबट ताक ही दुसऱ्या कुळीतली. त्यांना आम्ल म्हणतात. आम्ल आले की साबणाचा जोर मोडतो आणि हळद आपल्या मूळ रंगावर येते. जुन्या रीतीचे कुंकूसुद्धा हळदीला चुना लावूनच लाल करीत.

म्हणजे रसायनशास्त्र आपल्या चुलीपाशीच आहे. ते बायांच्या हातात आहे. फक्त त्याचे नाव त्यांना कुणी सांगितले नाही. आणि त्याच घरातली पोर दहावी होऊन म्हणते, "मला सायन्सला जायचंय," तेव्हा आपण काय म्हणतो? "ते मुलींचं काम नव्हे."

मुलींचे काम नव्हे, असे थोरामोठ्यांनीही म्हटले आहे. त्याची एक गोष्ट सांगते. ही गोष्ट खरी आहे.

कमला भागवत नावाची एक मराठी मुलगी होती. आपल्या नामांकित लेखिका दुर्गा भागवत, त्यांची ही बहीण. १९३३ साली ती मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिली आली. पुढे शिकायला बंगलोरला टाटांच्या विज्ञानसंस्थेत जायचे, हे तिने ठरवले होते. तिचे वडील आणि चुलते त्याच संस्थेत शिकलेले. तिने अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिक मिळालेले, सगळ्या जगात नाव असलेले शास्त्रज्ञ. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच. अर्ज करणारी मुलगी होती.

आपली मुलगी असती तर आपण काय सांगितले असते? "जाऊ दे गं, एवढा मोठा माणूस नाही म्हणतो." पण कमला गप्प बसली नाही. ती बंगलोरला गेली आणि रामनसाहेबांच्या पुढे उभी राहिली. मुलगी म्हणून नाकारता, हा कुठला न्याय, असे तिने विचारले. अखेर त्यांनी तिला घेतले, पण अटी घालून. पहिले वर्ष कच्चे. काम पसंत पडले तरच पुढे. आणि तिच्यामुळे संस्थेतल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये! ही अट ऐकून मला अजून राग येतो. लक्ष मुलांचे जाणार आणि दोष मुलीला. हे आपल्या गावातही चालते.

वर्षभर तिने खाली मान घालून काम केले. दुधातली आणि डाळीतली प्रथिने, म्हणजे शरीर भरून काढणारे सत्त्व, हा तिचा विषय. वर्ष संपले आणि रामनसाहेबांचे मत बदलले. तिला पुढे शिकू दिले आणि त्यानंतर इतर मुलींनाही त्या संस्थेची वाट मोकळी झाली. मोठ्या माणसाने चूक सुधारली, हेही सांगितले पाहिजे.

पुढे ती विलायतेत केंब्रिजला गेली. झाडाला नाक नाही, पण तेही श्वास घेते. त्या कामी लागणारे एक द्रव्य वनस्पतींच्या पेशीत असते, हे तिने दाखवून दिले. हे काम सुरू झाले बटाट्यावर. आपल्या रोजच्या बटाट्यावर! १९३९ साली तिला डॉक्टर ही पदवी मिळाली. प्रबंध होता अवघा चाळीस पानांचा.

देशात परत आल्यावर लग्नानंतर त्या कमलाबाई सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले आणि शेवटी त्या संस्थेच्या संचालक झाल्या. विद्यार्थ्यांना त्यांनी काय तपासायला लावले? गरिबाच्या ताटात असते ते. डाळी, तांदूळ आणि ताडाची नीरा. नीरेतले पोषण त्यांनी मोजून दाखवले आणि त्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे भेसळीविरुद्ध जागृती करणाऱ्या ग्राहकांच्या संस्थेतही त्या होत्या. १९९८ साली त्या वारल्या.

आता माझे सांगते. मी काही कमलाबाई नव्हे. माझे वडील गिरणीत होते. दहावीला मला गुण बरे पडले. घरात ठरले, पोरीला घरीच ठेवायची. आमच्या शास्त्राच्या बाई एका रविवारी चालत घरी आल्या. चहा घेतला. वडील म्हणाले, "बाई, तिच्या लग्नाचं बघायचंय." बाई म्हणाल्या, "लग्न कुठं पळून जातंय, दादा? अर्जाची मुदत मात्र उद्या संपते." एवढेच बोलल्या. सोमवारी वडील माझ्याबरोबर आले.

कॉलेजात प्रयोगाच्या तासाला मुले उपकरणे धरीत आणि आम्ही मुली वहीत आकडे लिहीत बसायचो. सर काही बोलत नसत. तिसऱ्या आठवड्यात मी ब्युरेट हातात घेतली आणि परत दिलीच नाही. बाईंनी मला तेवढे धीट केले होते.

पण दुसरी एक गोष्ट आहे. ती सांगायला मला जड जाते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात तिच्या तोडीचे कुणी नव्हते. मी फळ्यावर उदाहरण घालायचे आणि खडू खाली ठेवायच्या आत तिचे उत्तर यायचे. ती दहावी झाली. मी मनात म्हणत होते, या रविवारी तिच्या घरी जाईन. मग म्हटले, पुढच्या रविवारी. घरी पाहुणे, तपासायचे पेपर. मी गेले नाही. जवळ पडते म्हणून तिला दुसऱ्या शाखेला घातले. दोन वर्षांनी लग्न झाले. गेल्या वर्षी ती तिच्या लेकीला घेऊन माझ्याकडे आली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "बाई, तेव्हा तुम्ही याल असं वाटलं होतं."

मी काय बोलणार?

म्हणून आता मी वाट पाहत नाही. दहावीचा निकाल लागला की घरोघर जाते. कुणी रागावतात. एका घरात तर मला पाणीही विचारले नाही. तरी जाते.

तुम्ही तीन गोष्टी विचारता. पहिली, शास्त्र अवघड आहे. आहेच. मुलांना काय सोपे जाते? दुसरी, कॉलेज लांब आहे. खरे आहे, पण खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा फुकट पास मिळतो. तिसरी, पैसा. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने ठराव केला. वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींना इंजिनिअरिंग, औषधनिर्माण अशा शिक्षणाची शिक्षण-फी आणि परीक्षा-फी माफ केली. अटी आहेत, कागद लागतात. दाखले आधीपासून काढून ठेवा. ऐन वेळी तहसीलला रांग लागते.

आणि हे नीट ध्यानात ठेवा. अकरावीला शास्त्र घेतलेली मुलगी पुढे मन बदलले तर दुसरीकडे वळू शकते. पण अकरावीला शास्त्र सोडले की औषधनिर्माणाची, डॉक्टरकीची वाट बहुतेक बंद होते. हा एक चौकोन अर्जात भरायचा असतो. तो भरताना मुलीला जवळ बसवा. तिला विचारा.

२०२५ सालापासून अकरावीचा अर्ज सगळ्या राज्यात ऑनलाइन भरावा लागतो. ज्यांच्या घरी जमत नाही त्यांनी निकालानंतरच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या ओट्यावर यावे. गुणपत्रिका आणा. मुलीला आणा. आईनेही यावे, नुसत्या वडिलांनी नको. मी सकाळी आठपासून तिथे आहे. हळद आणि लिंबू मी आणते.