मुलींच्या हाती गोष्ट



मी काही मोठी वक्ती नाही. कथा-कादंबऱ्यांतल्या मुलींविषयी दोन शब्द बोलते.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं त्यात उघड सांगितलं होतं. केवढा गदारोळ झाला! लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर, पण ते टोपणनाव. खऱ्या त्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर.

त्या कळ्या मात्र पांढरपेशा घरातल्या. आमची मुलगी त्यात नव्हती. १९८८ साली उर्मिला पवार यांचा 'सहावं बोट' हा कथासंग्रह आला. आपल्या समाजातली बाई, आणि पुस्तकावर तिचं स्वतःचं नाव. मध्ये पंचावन्न वर्षं गेली.

माझी मुलगी आठवीत असताना गोष्टीचं पुस्तक घेऊन बसली होती. मी ते हिसकावलं, म्हटलं, "आधी भांडी घास." ती म्हणाली, "आई, यातली पोर माझ्यासारखीच आहे गं." मी गप्पच झाले. पोर वयात आली की काय करायचं नाही, ते आपण सगळं सांगतो. तिला काय वाटतं, ते विचारत नाही. ते तिला त्या पुस्तकात सापडलं होतं.

म्हणून विनंती आहे. रविवारी वंदनेनंतर विहारात एका मुलीने एक गोष्ट मोठ्याने वाचावी, आयांनी बसून ऐकावी. उद्या तिने स्वतः लिहिली, तर खाली तिचंच नाव असू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!