गोलरक्षकाची मजुरी



व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही फुटबॉलवर बोलणार आहोत. आपल्या भागात जोर कुस्तीचा, कबड्डीचा आणि बैलगाड्याचा. फुटबॉलचे वेड कोल्हापूरला आणि गोव्याला. पण त्या मैदानावर एक माणूस असा असतो की, त्याची हकिकत आपल्यापैकी पुष्कळांना ओळखीची वाटेल. तो म्हणजे गोलरक्षक.

आपल्या शिवनेरीला दरवाजे सात आहेत. एक पडला तर पुढे दुसरा आहे. फुटबॉलच्या संघाला दरवाजा एकच, चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच, आणि तो राखायला माणूसही एकच. पेनल्टीची किक बारा यार्डांवरून मारतात. जोरात मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत गोलात पोहोचतो. बाकीच्या दहांपैकी कोणी चुकला तर सावरायला मागे दुसरा असतो. गोलरक्षकाच्या मागे फक्त जाळी.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते, वर्तमानपत्रात येते. अडवलेला चेंडू कोणत्या फलकावर लिहितात? गोलरक्षकाचे काम चांगले झाले म्हणजे काही घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची मोजदाद ठेवण्याची जगाला सवय नाही. शेतातल्या माळ्यावर रात्रभर जागणाऱ्या राखणदाराचे असेच असते. कणीस शाबूत राहिले तर ते पावसाने दिलेले, आणि डुकरांनी खाल्ले तर राखणदार झोपला होता! डिंभ्याच्या किंवा माणिकडोहाच्या धरणावर दरवाजे सांभाळणारा माणूस आपल्यापैकी कितीजणांना नावाने ठाऊक आहे?

एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू होती. बॉयलरवरच्या कामगाराचा प्रश्न निघाला तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, "तो तर पाळीभर काट्याकडे बघत बसतो, त्याला वाढ कशाची?" आम्ही विचारले, "साहेब, इतक्या वर्षांत बॉयलर कितीदा फुटला?" ते म्हणाले, "एकदाही नाही." आम्ही म्हटले, "मग तेच त्याचे उत्पादन. तेवढे कागदावर लिहा." गोलरक्षकाचा सगळा प्रश्न या संवादात आला.

आता माणसांकडे वळू. ब्रह्मानंद शंखवाळकर यांचा जन्म १९५४ सालचा, गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असतानाचा. खाणमालकांच्या साळगावकर संघाचा गोल त्यांनी १९७४ ते १९९१ राखला. एका दारात सतरा वर्षे! गिरणीत एका साच्यावर उभी हयात काढलेली माणसे आपल्या गावोगावी आहेत. त्यांना या सतरा वर्षांचा अर्थ समजावून सांगायला नको. देशाच्या संघाचा गोल त्यांनी राखला आणि त्या संघाचे नेतृत्वही केले. १९८३ साली गोव्याने बंगालबरोबर संतोष चषक वाटून घेतला. पुढच्या वर्षी मद्रासला अंतिम सामन्यात पंजाबला एका गोलाने हरवून तो एकट्याने जिंकला, आणि त्या सबंध स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. जिंकून देणारा गोल सर्वांनी पाहिला. अडवलेल्या चेंडूंची यादी कोणाकडे आहे? अर्जुन पुरस्कार त्यांना १९९७ सालचा मिळाला, साळगावकर संघ सोडल्यावर सहा वर्षांनी; आणि पद्मश्री २०२२ साली, एकतीस वर्षांनी. मान मिळाला याचा आनंदच आहे. पण राखणदाराचा हिशेब जगाच्या वहीत किती उशिरा चढतो, हेही त्यातून दिसते.

दुसरा माणूस दूरच्या मुलखातला, उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरी गावचा पॅट जेनिंग्ज. जन्म १९४५. तरुणपणी लाकूडतोडीच्या टोळीत काम केले. त्यांच्याकडे गेलिक फुटबॉल नावाचा देशी खेळ आहे. त्यात चेंडू हातानेही झेलतात. त्या सवयीने आणि कुऱ्हाडीच्या कामाने त्याचे हात तयार झाले. १९६३ साली तो इंग्लंडात वॉटफर्ड संघात आला, आणि पुढच्याच वर्षी टॉटनहॅम क्लबाने त्याला सत्तावीस हजार पौंडांस घेतले. १९६७ साली मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने आपल्या गोलाजवळून मारलेला चेंडू टप्पा घेऊन समोरच्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून थेट जाळ्यात गेला. शेकडो चेंडू अडवणाऱ्या या माणसाचा तो एक गोल लोक अजून सांगतात. जगाची दृष्टी अशी असते!

१९७७ साली तो बत्तीस वर्षांचा झाला. याचे दिवस भरत आले, असे टॉटनहॅमला वाटले आणि त्यांनी त्याला पंचेचाळीस हजार पौंडांत आर्सेनल या शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. दिवस भरलेला हा माणूस तेथे आठ वर्षे खेळला, १९७९ सालचा एफ. ए. चषक जिंकणाऱ्या संघात होता, आणि १९८३ साली त्याने हजारावा सामना खेळला. शेवटचा सामना १२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत, विश्वचषकात, ब्राझीलविरुद्ध. त्या दिवशी त्याला एकेचाळीस वर्षे पूर्ण झाली. देशासाठी तो त्याचा ११९ वा सामना होता. मालकाने कामगाराची उमेद मोजावी आणि ती कमी भरावी, हे काही आपल्याकडेच घडते असे नाही.

पण जेनिंग्ज इंग्लंडात आला त्याच्या दोनच वर्षे आधीपर्यंत तेथे कोणाही खेळाडूला हंगामात आठवड्याला वीस पौंडांहून अधिक वेतन देण्यास बंदी होती. पन्नास हजार प्रेक्षक तिकीट काढून येवोत, खेळाडूचे पौंड वीसच! खेळाडूंची संघटना १९०७ साली मँचेस्टरला स्थापन झाली होती. तिने जिमी हिल यांच्या पुढारपणाखाली संपाची नोटीस दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये ती मर्यादा गेली. करार संपला तरी खेळाडूला अडकवून ठेवण्याची क्लबांची रीत होती. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यात १९६३ साली न्यायालयाने ती अन्यायाची ठरवली. हे टाळ्यांनी झाले नाही, एकजुटीने झाले.

आपल्याकडे काय आहे? २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही नामांकित संघांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. कारणे काहीही असोत. असा निर्णय मालक मंडळी घेतात आणि त्याचे चटके खेळाडूला बसतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर आपल्या या तालुक्यांत परत आलेल्या कुटुंबांना याची जात ओळखू येईल. भारतीय फुटबॉल खेळाडूंची संघटना २००६ साली बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने उभी राहिली, ही त्यातली आशेची बाजू.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. २०१४ सालापासून कबड्डीत व्यावसायिक स्पर्धा आली, आणि खेळाडूंचा लिलाव होतो. माणसांच्या बाबतीत लिलाव हा शब्द आम्हांस खटकतो; पण पोरांच्या हाती पैसा येतो, ही चांगली गोष्ट आहे. आपल्या मातीत गुडघे फोडून घेणारी मुले-मुली उद्या त्या वाटेने जातील. त्यांच्या आईबापांनी सत्काराचा नारळ घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. करार लेखी आहे काय, आणि तो मुलांना कळणाऱ्या भाषेत समजावून दिला काय? गुडघा गेला तर औषधपाणी आणि पगार कोणी द्यायचा, किती दिवस? आणि पस्तिशीनंतर पोटापाण्याची सोय काय? विशेषतः कोपरा सांभाळणाऱ्या, पकड करणाऱ्या खेळाडूंच्या घरच्यांनी हे विचारावे. चढाई करणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते. पकड करणाऱ्याने आपले मोल कागदावर लिहून घेतलेले बरे.

दोन्ही तालुक्यांतल्या तालमींनी आणि मंडळांनी हे प्रश्न एकत्र बसून ठरवले, तर आजची ही संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.